मोकळ्या ओळी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नवी वही. पहिल्या पानावर या हातांनी आजवर काय काय केलं ते लिहितो. बाकी पुढं.

पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचा सागवानी साचा, लांबी सव्वा फूट, झाकणासकट. त्याचा पंच, मोडक्या ड्रिलच्या दांड्यातून कानशीनं घासून काढलेला, दोन रविवार लागले. बायकोच्या, सुरेखाच्या मसाल्याची मांडणी, नऊ खण, एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे. तिन्ही खिडक्यांच्या जाळ्या. कॉम्प्युटरचं टेबल. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता. एक स्टूल, जे आजही डुगडुगतं. लिहायचं तर तेही लिहिलं पाहिजे. आणि हिमरूच्या दोनशे अकरा नक्ष्या.

हे कोणी शिकवलं नाही. दहावीला नापास झालो, गणितात नव्हे, इंग्रजीत. घर अजिंठ्याचं. लहानपणी लेण्यांत उताणं पडून छतावरची कमळं मोजायचो, पहारेकरी हाकलून देईपर्यंत. पुढं शहरात आलो, जाफर गेटजवळ मोईनभाईंच्या मागावर हिमरूचं नक्षीदार कापड पाहिलं आणि ओळखीचं कमळ दिसलं. तेव्हापासून हेच काम.

काम असं: चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची. कागदाची एक आडवी ओळ म्हणजे एक पत्ता. भरल्या चौकटीला भोक, रिकाम्या चौकटीला काही नाही. सगळे पत्ते क्रमानं दोरीत ओवले, की ती माळ मागाच्या डोक्यावर चढते आणि मागाला कोणता धागा उचलायचा ते कळतं.

गेली चौदा वर्षं हे काम एका सॉफ्टवेअरवर करत होतो. ते प्रत्येक ओळीचे आकडे छापून द्यायचं, मी एकटा बसून पत्ते पाडायचो. काल दुपारी कॉम्प्युटर बंद पडला, तो उघडलाच नाही. नवीन घेतला तर त्यावर ते जुनं सॉफ्टवेअर बसत नाही, आणि ज्यांनी ते केलं त्यांनी दुकान कधीच बंद केलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

वेळ बरी निवडली कॉम्प्युटरनं बंद पडायला. मोईनभाईंच्या लेकीचा, जन्नतचा निकाह अठरा जानेवारीला आहे. तिच्या अंगावर मोईनभाईंना तीच शाल हवी, जी त्यांच्या वालिदांनी विणली होती. मूळ शालीचा हातभर तुकडा उरलाय, तोही उंदरानं कुरतडलेला. त्या तुकड्यावरून पूर्ण नक्षी काढून पत्ते करून द्यायचा शब्द मी दसऱ्याला दिलाय.

आज सांगायला गेलो की कॉम्प्युटर गेला. मोईनभाई नळी भरत होते. म्हणाले, “कायकू परेशान होता, साहेबराव? नाही झालं तर सुरतेची मशीनची शाल आणू. लांबून सारखीच दिसते.”

लांबून. मला हा शब्द घरापर्यंत चावत राहिला. पुंडलिकनगरची कमान आली तेव्हा ठरवून टाकलं, शाल मोईनभाईंच्या मागावरच होणार.

९ नोव्हेंबर, रविवार

जुन्या बाजारातून कॉम्प्युटर आणला. त्यावर लिनक्स टाकलं. स्वतः. पेनड्राइव्ह करायला पंचेचाळीस मिनिटं, बसवायला बावीस. हे फुकट असतं, जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं. कोणी एक ओळ लिहिली, कोणी दुसरी. वाचताना वाटलं, हे तर विणकरांचं काम. ताणा कोणाचा, बाणा कोणाचा, कापड सगळ्यांचं.

मराठीत सुरू झालं. ‘स्वागत आहे’ असं लिहून आलं. सुरेखाला हाक मारून दाखवलं. ती हात पुसत आली, वाचलं, म्हणाली, “बोलवतंय तर छान. आत काही आहे का पण?”

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आत काही नाही. म्हणजे लिहायला, मोजायला, चित्र काढायला सगळं आहे. हिमरूसाठी काही नाही. जुनं सॉफ्टवेअर यावर चालवायची एक युक्ती असते, ती चार दिवस केली. खिडकी उघडते, नाव येतं, आणि मग एकच वाक्य: कुलूप सापडत नाही. हे कुलूप म्हणजे पेनड्राइव्हसारखा एक तुकडा, तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. कुलूप समोर लावलेलं आहे, त्याचा दिवा लुकलुकतोय. तरी सापडत नाही म्हणतं.

संध्याकाळी नोमान आला. पैठण रोडवर त्याच्या मालकाचं यंत्रमागाचं युनिट आहे, हा तिथला मॅनेजर. बोलायला गोड. म्हणाला, सर, आमच्याकडं नवीन सॉफ्टवेअर आहे, लायसन्सचं. तुम्ही आमच्याकडं या. तुमच्या नक्ष्या घेऊन या. जन्नतची शाल पहिल्याच दिवशी एका तासात काढून देतो.

मी म्हणालो, विचार करतो. खरं तर तो गेल्यावर बराच वेळ विचार केला.

२३ नोव्हेंबर, रविवार

हिशेबाच्या तक्त्यात नक्षी काढतोय. सगळ्या चौकटी सारख्या चौरस करून घेतल्या, एकशे वीस आडव्या, खाली लागतील तेवढ्या. एकेक चौकट काळी करत जायचं. उंदरानं खाल्लेला भाग उरलेल्या अर्ध्याचा आरसा धरून भरला. पाकळीचं टोक तीन वेळा खोडलं. मूळ विणकरानं तिथं एक धागा मुद्दाम जास्त सोडलाय, त्यामुळं पाकळी किंचित मान वळवते. भिंगाशिवाय दिसत नाही, पण ती वळवते.

दुपारी टेबलावरच डोळा लागला. खिडकीच्या जाळीतून ऊन आत येऊन फरशीवर चौकटी पडल्या होत्या. स्वप्नात मी त्यांच्यावरून चालत होतो, अनवाणी, पांढऱ्या चौकटीवर पाय ठेवला तर थंड, काळीवर ठेवला तर कोमट. पुढं कोणीतरी आकडे म्हणत चाललं होतं आणि मी नुसता आवाजामागं जात होतो. जागा झालो तेव्हा अंगावर शाल होती. थंडी सुरू झालीय.

२ डिसेंबर, मंगळवार

नक्षी पूर्ण. सहा कागदांवर छापली. आता अडचण अशी की हा तक्ता आकडे छापून देत नाही. एका डोळ्यानं बारीक चौकटी मोजायच्या आणि एका हातानं भोकं पाडायची, हे एकट्याचं काम नाही. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पाडायचं. सॉफ्टवेअर यायच्या आधी आम्ही तसंच करायचो. सुरेखा वाचायची.

चौदा वर्षं मागं जायचं म्हणजे कमीपणाच. पण जानेवारी थांबत नाही. तिला विचारलं. ती आत जाऊन शिलाई मशीनच्या खणातून वाचायची लाकडी पट्टी घेऊन आली, तीच, कडेला हळद लागलेली. एवढी वर्षं कशी टिकली कोण जाणे. आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत हे मात्र खरं.

ती पट्टी ओळीखाली धरते आणि म्हणते: तीन सोड, दोन मार, एक सोड, पाच मार. अख्खी ओळ रिकामी आली तर म्हणते: मोकळी. मोकळी म्हणाली की पाण्याचा घोट घेते. तिची ही सवय जुनी आहे.

आज सोळा पत्ते.

४ डिसेंबर, गुरुवार

अठरा पत्ते. सुरेखानं दुपारचं भजनी मंडळ सोडलं. मी म्हणालो, जा की. म्हणाली, ओळ अर्धी राहील. मध्येच तिनं आमच्या पहिल्या खोलीचा विषय काढला, जिथं बाज एका बाजूला आणि पत्त्यांचा ढीग दुसऱ्या बाजूला होता, आणि आम्हाला वळायचं तर विचारून वळावं लागायचं. हसत होती. वाचण्यात मात्र एकही चूक नाही. मी दोनदा उलटून तपासलं.

६ डिसेंबर, शनिवार

सत्तर ओळी झाल्या. हा वेग कमी आहे. आकडे काढून देणारा प्रोग्राम मीच लिहायचा ठरवलंय. इंटरनेटवर सगळं शिकवलेलं असतं, फक्त शिकणाऱ्याला लाज नसली पाहिजे.

सुरेखा म्हणाली, “घाई कशाची? चाललंय की.”

तिला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

८ डिसेंबर, सोमवार

झाला! बेचाळीस ओळींचा प्रोग्राम, माझा. तक्ता वाचतो आणि आकडे देतो. त्याच्याही पुढची गोष्ट: लिनक्समध्ये मराठी बोलणारा आवाज फुकट मिळतो, तो जोडला. आता कॉम्प्युटरच म्हणतो: तीन सोड, दोन मार. एक पत्ता झाला की कळ दाबायची, तो पुढची ओळ म्हणतो. पुरुषाचा आणि बाईचा असे दोन आवाज होते. मी बाईचा ठेवला, कानाला सवयीचा.

फाईल सुटसुटीत करायला नको त्या ओळी गाळल्या. जिथं काही नाही तिथं बोलायचं काय?

सुरेखाला ऐकवलं. दारात उभी राहून तिनं तीन ओळी ऐकल्या. मग चष्मा डबीत ठेवला, डबी मिटली. “बाई चांगली वाचते,” म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “मोकळी म्हणते का ती?”

मी म्हटलं, यंत्राला पाणी प्यावं लागत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

सुरेखा वैजापूरला बहिणीकडं गेली, भागूबाईकडं. त्यांचा नवा कांदा निघालाय, हाताखाली माणूस हवं म्हणाली. मागच्या वर्षी त्यांनी बोलावलं तेव्हा गुडघे दुखतात म्हणाली होती. गुडघे बरे झाले असावेत.

आज चौतीस पत्ते. दुप्पट.

१४ डिसेंबर, रविवार

सगळे पत्ते पूर्ण. शेवटचा दोनशे छत्तीसावा. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा एक दिवस आधी. एकूण ओळी किती होणार याचा नुसता अंदाज होता, मोजलं नव्हतं, ते जुनं सॉफ्टवेअर सांगायचं. पण प्रोग्रामनं प्रत्येक पत्त्याला नंबर दिलाय आणि एकही नंबर सुटलेला नाही.

घर फार शांत आहे. आवाज बंद केल्यावर जास्तच. दुपारी मी विनाकारण पुन्हा चालू केला आणि ती बाई रिकाम्या खोलीत म्हणत राहिली, सात सोड, एक मार. आवाजाला चढ नाही, उतार नाही. छतावरची पाल ऐकत होती.

भाजीत मीठ दोनदा पडलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

लिहायला हात होत नाही, पण ठरलंय, सगळं लिहायचं.

मोईनभाईंनी माळ चढवून एक फेर विणला, साधारण वीतभर. मला बोलावलं. मी मागाशी वाकलो. खालचा भाग असा की डोळ्यांत पाणी यावं. वेल हलकेच वळते, कमळ उमलतं, त्याच्याभोवती मोकळी जमीन. आणि मग वर एकदम गर्दी. कमळावर कमळ चढलेलं, देठ पाकळीत घुसलेला, कुठंच उसंत नाही. बाजारातली चेंगराचेंगरी असावी तसं.

मोईनभाईंनी बोटानं सूत चाचपलं. मग बोट ठेवलं, जिथून बिघडलं तिथं. “यहां तक भाभी ने पढ्या ना? पुढं कोण वाचलं?”

त्यांना कसं कळलं? मी विचारलं. त्यांनी माळ उतरवून माझ्या हातात दिली. घरी येऊन मोजलं. सत्तर ओळी बरोबर. एकाहत्तरपासून बिघडलंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून प्रोग्राम तपासतोय. बेचाळीस ओळी, प्रत्येक ओळ तोंडपाठ. प्रत्येक पत्ता आकड्यांशी जुळतो. पत्ते बरोबर, आकडे बरोबर, कापड चूक. असं कसं होईल?

नोमानचा फोन. शालीचं त्याला कळलेलं होतं. जाफर गेटला काही लपत नाही. म्हणाला, सर, अजून वेळ गेलेली नाही, सोमवारपर्यंत सांगा. मोईनभाईंचाही निरोप आला, की त्यांच्या खांद्यानं दिवसाला अर्धी वीतच होते, पत्ते गुरुवारपर्यंत मिळाले तरच शाल होईल. नाहीतर त्यांनी सुरतेला सांगून ठेवलंय. दोघंही मला समजून घेतात. त्याचाच त्रास होतो.

पहाटे स्वप्न पडलं होतं. लेण्यात उताणा पडलो होतो, छतावर कमळं वाढत चालली होती, एकाला एक चिकटून. मी मोजायला लागलो तर मोजायला जागाच नव्हती. शेजारी कोणीतरी असायला हवं होतं, असं वाटत राहिलं. तिथं लहानपणी माझ्या शेजारी कोणी नसायचं.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळच्या एसटीनं वैजापूर. पिशवीत नक्षीचे सहा कागद. सुरेखाला सांगितलं, बहिणीची तब्येत विचारायला आलो. भागूबाई म्हणाली, माझ्या तब्येतीला काय धाड भरली, दाजी? आणि हसत आत गेली.

ओसरीत कांद्याचा ढीग होता, पडवीभर त्याचा दर्प. सुरेखाच्या केसांत पातीचा तुकडा अडकला होता. मी कागद काढला, म्हटलं, जरा तिसरं पान वाच, एक बारीक शंका आहे. तिनं माझ्याकडं पाहिलं. पदराला हात पुसले, चष्मा लावला. पट्टी नव्हती, म्हणून कांद्याची लांब पात ओळीखाली धरली.

दोन सोड, चार मार, दोन सोड. नऊ सोड, एक मार.

“मोकळी,” ती म्हणाली. थांबली. “मोकळी. मोकळी.”

माझा हात आपोआप उचलला गेला, कोऱ्या पत्त्याकडं. पत्ता तिथं कुठं होता? मी वैजापुरात ओसरीवर बसलो होतो. पण हात गेला. आणि कळलं.

रिकाम्या ओळीलाही पत्ता लागतो. कोरा, एकाही भोकाशिवाय, फक्त दोरीची भोकं असलेला. मागाला तो सांगतो की आता काही करू नकोस, पण एक पाऊल पुढं जा. चौदा वर्षं सॉफ्टवेअर तिथं रेघ छापायचं. त्याच्याआधी सुरेखा मोकळी म्हणायची आणि माझा हात कोरा पत्ता घ्यायचा. मला वाटायचं, हे माझ्या हाताला माहीत आहे. हाताला नव्हतं माहीत.

मी गाळल्या होत्या त्या ओळी. मी स्वतः.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. रागानं नाही. मग म्हणाली, “पाण्यासाठी नव्हते थांबत मी. तुमचा हात कोऱ्या पत्त्यापर्यंत जाऊन यायला वेळ लागायचा. म्हणून पाणी.”

तीनच्या गाडीनं दोघं परत आलो. खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर पडत होतं आणि जात होतं, पडत होतं आणि जात होतं. ती डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते. बहुतेक वाचत होती.

२४ डिसेंबर, बुधवार

माळ उसवली. अठ्ठावीस कोरे पत्ते घातले, एकेक आपापल्या जागी. सुरेखा पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचत गेली, मी ताडून पाहत गेलो. एकूण दोनशे चौसष्ट. संध्याकाळी माळ मोईनभाईंकडं पोचती केली. त्यांनी माळ हातावर तोलून पाहिली आणि म्हणाले, आता वजन बरोबर आहे. कोऱ्या पत्त्याचं वजन जास्तच असतं. भोकं नसतात ना.

प्रोग्रामही दुरुस्त केला. एका ओळीचं काम होतं. आता तोही मोकळी म्हणतो, आणि तीन सेकंद थांबतो.

४ जानेवारी २०२६, रविवार

पाच वीत झाली. मोईनभाईंचा खांदा शेकला तर बरा राहतो, म्हणून जन्नत सकाळ-संध्याकाळ विटेचा शेक देते. स्वतःच्या शालीसाठी बापाचा खांदा शेकणारी नवरी मी पहिल्यांदा पाहिली.

बिघडलेली वीत कापून टाकणार होते. सुरेखानं मागून घेतली. कशाला हवी, विचारलं, तर म्हणाली राहू दे. शिलाई मशीनच्या खणात ठेवलीय, पट्टीशेजारी.

दोनशे तेरावी नक्षी सुरू केली. प्रोग्राम आता बिनचूक आहे. तरी सुरेखाच वाचते. तपासणी म्हणून. बिनचूक यंत्रालाही तपासणी लागते, आणि ती रोज लागते.

प्रोग्राम इंटरनेटवर ठेवून दिला, कोणालाही घ्यायला मोकळा. ज्यांचं फुकट वापरलं त्यांना काहीतरी परत द्यायला हवं. वर सूचना लिहिलीय: रिकाम्या ओळी गाळू नयेत.

१८ जानेवारी, रविवार

निकाह झाला. शाल परवा सायंकाळी मागावरून उतरली, अकरा वीत. जन्नत बसली होती तिथं मी शाल जवळ जाऊन पाहिली, मग बारा पावलं मागं जाऊन पाहिली. लांबूनही ती सुरतेच्या शालीसारखी दिसत नाही. पाकळी मान वळवते.

मोईनभाईंनी आधी सुरेखाला सलाम केला, मग मला. मला वाटतं, गर्दीत त्यांना मी उशिरा दिसलो.

२० जानेवारी, मंगळवार

नोमान आज घरी आला. शाल त्यानं निकाहात पाहिली होती. आता मालकाचा आकडा घेऊन आला होता, कागदावर लिहून. माझी स्वतंत्र काचेची खोली, एसी, नवं सॉफ्टवेअर, फिरती खुर्ची. तिथं आकडे पडद्यावर येतात, पत्ते लागतच नाहीत, वाचायला कोणी लागत नाही. हे तो दोनदा म्हणाला, वाचायला कोणी लागत नाही, सर.

सुरेखा आत चहा करत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता.

मी नको म्हणालो. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, फिरत्या खुर्चीवर माझी पाठ धरते. ते खरंच आहे.

तो गेल्यावर आम्ही बसलो. दुपारचं ऊन जाळीतून फरशीवर आलं होतं. एकोणिसावी ओळ. सहा सोड, एक मार, सहा सोड. मग मोकळी, ती पाणी प्याली, मी कोरा पत्ता घेतला.

नोमानचा कागद या पानात ठेवतोय. त्याच्यावर आहे ते असं: दोनशे बारा नक्ष्यांचे एकरकमी चार लाख, आणि महिना पंचावन्न हजार रुपये.